रजियाखालाचं मैदान

बार्शीटाकळीच्या बाजाररस्त्यावर रजियाबीनं एका पोराला मोटारसायकलीवरून खाली पाडलं, तेव्हा तिची मुलगी तहरीम सातवीत होती आणि हा सगळा प्रकार तिच्या डोळ्यांदेखत झाला.

तो पोरगा गाडी आडवी लावून उभा होता. एक पाय जमिनीवर, एक गाडीवर, आणि हातात ज्योत्स्नाच्या ओढणीचं टोक. ज्योत्स्ना तहरीमच्याच वर्गातली, तिच्याच गल्लीत राहणारी. ट्यूशनहून येणाऱ्या मुली अशा वेळी भिंतीला चिकटून निघून जायच्या आणि दुकानदार मालाकडे बघत बसायचे. रोजचंच होतं ते. त्या दिवशी रजियाबी भाजी घेऊन मागून येत होती. तिनं पिशवी खाली ठेवली. टाकली नाही, टमाटे फुटू नयेत अशी नीट ठेवली. मग ती एकदम खाली बसली, पोराच्या जमिनीवरच्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरला, खांदा त्याच्या गुडघ्याला लावला आणि पाय स्वतःकडे ओढला. पोरगा गाडीसकट कलंडला.

बाजारातली माणसं हसली. तहरीमला हसू आलं नाही. अम्मी म्हणजे तिच्या लेखी डोक्यावरचा पदर सावरत भाकरी थापणारी, गुडघे दुखतात म्हणून ओट्याला धरून उठणारी बाई. ही बाई विजेसारखी खाली बसते, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरी जाताना तिनं विचारलं, हे कुठं शिकलीस. रजियाबीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सांगितलं की ती डावा कोपरा खेळायची. कबड्डीत. अमरावतीला.

मग वाटेत थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. रजियाबी भातकुलीची. शिकायला अमरावतीत मामाकडे राहायची. तिथल्या शाळेत एक बाई मुलींना कबड्डी शिकवायच्या, आणि कोपऱ्यातून चढाई करणारीचा घोटा धरण्यात रजियाचा हात धरणारं कुणी नव्हतं. नववीत असताना एका सामन्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. तो तिच्या अब्बांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी ते तिला भातकुलीला घेऊन गेले. शाळाही सुटली. पुढं बार्शीटाकळीच्या गयासुद्दीनशी लग्न झालं. त्याचं गादीघर होतं. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया शिवायच्या. घरात कुणी कधी विचारलं नाही, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही. लपवलं वगैरे काही नव्हतं.

संध्याकाळी ज्योत्स्नाचे वडील गोपाल दारात आले. शेतावरून तसेच आले होते. तहरीमला वाटलं, आभार मानायला आले असतील. पण गोपालनं सांगितलं की या भानगडीनं पोरीचं नाव बाजारात झालं, आता तिची शाळा बंद.

रजियाबी उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "गोपालभाऊ, ओढणी त्या पोट्ट्यानं ओढली. तो मोकळा फिरून राहिला अन् तुमी पोट्टीले कोंडून राहिले. कावून?"

जगाचं तोंड कोण धरणार, असं काहीतरी गोपाल पुटपुटला.

"तोंड नका धरू. ज्योत्स्नाले उद्या माह्याकडं धाडा. तिले पाय धराले शिकवतो."

गोपालनं दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रजियाबीच त्याच्या घरी गेली, ज्योत्स्नाच्या आईपाशी, माणिकबाईपाशी, चहा पीत बसली आणि उठताना मुलीचा हात धरून सोबत घेऊन आली. माणिकबाईनं अडवलं नाही.

जुन्या जिनिंगच्या मागं मोकळी जागा होती. जिनिंग बंद पडून जमाना झाला होता, कापसाच्या गाड्या यायच्या थांबल्या होत्या, आणि ती जागा नगरपंचायतीकडे येऊन नुसतीच पडली होती. म्हणजे गावातली पोरं तिथं क्रिकेट खेळायची. मुलींनी त्या बाजूनं जायचं सुद्धा नाही असा अलिखित कायदा होता. रजियाबीनं घराला सफेदी करायला आणलेला चुना डब्यात घेतला आणि मैदानाच्या बरोबर मध्ये कबड्डीचं अंगण आखलं. कडेला का नाही आखलं, असं तहरीमनं विचारलं, तर ती म्हणाली की कडेला आखलं की आपण कडेचेच होऊन बसू.

सकाळी पोरांनी रेषा पायानं पुसून टाकल्या. संध्याकाळी तिनं त्या पुन्हा आखल्या. पुन्हा पुसल्या, पुन्हा आखल्या. असं किती दिवस चाललं कोण जाणे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. रोज संध्याकाळी एक मध्यमवयीन बाई वाकून चुन्याची रेघ ओढते आहे, हे बघायला लोक थांबायला लागले. शेवटी पोरांनाच कंटाळा आला. ते मैदानाच्या वरच्या अंगाला सरकले.

सुरुवातीला चारच मुली होत्या. तहरीम, ज्योत्स्ना, मैना नावाची एक उंच अबोल मुलगी आणि गयासुद्दीनच्या धाकट्या भावाची, नईमची, शाइस्ता. जमीन काळी, उन्हाळ्यात दगडासारखी. पडलं की कोपर सोलायचं. एक दिवस गयासुद्दीन हातगाडीवर चार जुन्या गाद्या घालून मैदानावर आला, त्या जमिनीवर टाकल्या आणि परत गेला. तो मुळातच कमी बोलायचा. त्या गाद्यांवर मुली पडायला शिकल्या. पडायची भीती गेली की पकड येते, असं रजियाबी सांगायची. आणि तिची शिकवण्याची रीतही तशीच होती: कुणी धडपडलं की धावून जायची नाही, हात देऊन उठवायची नाही. लांबूनच हाक मारायची, "पडली ना? मंग आता ऊठ. तुले काय गादी आवडली काय?"

गावाला हे पचलं नाही. मशिदीपाशी नईमला लोक विचारायचे, तुझी भाभी पोरींना मातीत लोळवते, तुला चालतं का. चावडीवर वामनरावांना लोक विचारायचे, आपल्या पोरी त्यांच्या घरी जातात, तुमच्या कानावर आहे ना. वामनराव गावातलं मोठं प्रस्थ. मोठी शेती, नगरपंचायतीत शब्द चालायचा. दोन्हीकडची माणसं एरवी एकमेकांच्या ओट्यावर चढत नव्हती. रजियाबीच्या बाबतीत मात्र त्यांचं एकमत झालं. एकदा दोघंही, नईम आणि वामनराव, एकाच संध्याकाळी मैदानावर आले. वामनरावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की खेळायला कुणाची ना नाही, पण शाळेच्या आवारात, भिंतीच्या आत खेळा. उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर मुलींनी अशी झोंबाझोंबी बरी दिसत नाही.

मुली खेळ थांबवून उभ्या राहिल्या होत्या. रजियाबीनं आधी त्यांना खेळ चालू ठेवायला सांगितलं. मग वळून म्हणाली, "वामनराव, भिंतीच्या आत तं आमी जन्मापासून हावो. ज्याइले बरं दिसत नाई त्याइनं भिंतीच्या आत बसावं."

नईमनं त्यानंतर दोन ईद भावाच्या घरात पाय ठेवला नाही. पण शाइस्ता यायची थांबली नाही. तिनं बापाला काय सांगितलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या तालुका स्पर्धेत त्या अशा काही हरल्या की पंचांनीच वेळेआधी खेळ आटोपता घेतला. एसटीत मुली रडत होत्या. रजियाबीनं सगळ्यांना शेंगदाणे वाटले आणि विचारलं की समोरच्या संघातल्या त्या ठेंगण्या पोरीचा डावा पाय पाहिला का कुणी. चढाईला येताना ती तो आधी टाकते. रडणं थांबलं आणि त्या ठेंगणीच्या पायावर चर्चा सुरू झाली. पुढच्या वर्षी त्याच संघाला त्यांनी हरवलं, आणि तिसऱ्या वर्षी अकोल्याला जिल्ह्याच्या सामन्यात अंतिम फेरी गाठली. तेव्हापासून आसपासच्या खेड्यांतून मुली यायला लागल्या. मोठ्या झालेल्या मुली लग्न होऊन जायच्या, नव्या यायच्या. सगळ्या तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. हिंदूंच्याही, मुसलमानांच्याही, आणि पुढं पुढं त्यांच्या आयाही.

तहरीम बरी खेळायची, फार नाही. ती पुढं अमरावतीला शिकली, तिथल्याच एका दवाखान्यात रक्त तपासणीच्या खोलीत कामाला लागली. ज्योत्स्ना गावातच राहिली. तिचं लग्न गावातल्याच एका मुलाशी झालं, तिनं शिलाईचं दुकान टाकलं आणि संध्याकाळी मशीन झाकून ती मैदानावर जायची. मैना वामनरावांचीच सून झाली. तिच्या लग्नात रजियाबी जेवायला गेली होती, आणि वामनरावांनी स्वतः तिला वाढलं होतं. म्हणजे वैर असं नव्हतं. फक्त मैनानं त्या दिवसानंतर मैदानावर पाय ठेवला नाही.

मागल्या पावसाळ्याच्या शेवटी रजियाबीला कॅन्सर निघाला. उशीर झाला होता. अकोल्याला औषधोपचार झाले, केस गेले, वजन गेलं, पण जमेल त्या संध्याकाळी ती मैदानावर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. तहरीम सुट्टी घेऊन आली होती. आता विश्रांती घे म्हणून ती आईच्या मागं लागली, तर रजियाबी म्हणाली की झोपूनच राहायचं आहे पुढं. हे ती हसत म्हणाली. तहरीमला ते हसणं सहन झालं नाही, आणि ती उठून आत निघून गेली.

हिवाळ्यात रजियाबी गेली.

जनाजा निघाला तो जिनिंगच्या रस्त्यानं. कब्रस्तानात बायका जात नाहीत. मुलींनी येण्याचा हट्ट धरला नाही. पण रस्ता मैदानाला लागून जात होता, आणि मैदानाच्या कडेला त्या सगळ्या उभ्या होत्या. नव्या-जुन्या, साडीतल्या, बुरख्यातल्या, शाळेच्या गणवेशातल्या. त्यांनी एकमेकींचे हात धरले होते, कबड्डीत पकडीसाठी साखळी करतात तसे. कुणीतरी म्हातारा खेकसला की हा काय तमाशा. कुणी हात सोडला नाही. जनाजा पुढं गेला, दिसेनासा झाला, तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. घराच्या गच्चीवरून तहरीमनं हे पाहिलं आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

चाळिसावा दिवस झाल्यावर वामनराव घरी आले. सोबत नगरपंचायतीतले दोघं-तिघं, आणि नईमही. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. वामनराव म्हणाले की रजियाबाईनं गावाचं नाव काढलं, गावानं आता तिचं नाव राखलं पाहिजे. जिनिंगमागच्या मैदानावर मोठी स्पर्धा घ्यायची, दरवर्षी, तिच्या स्मृतीची. अकोल्याहून मोठे पाहुणे येणार. चषकावर तिचं नाव.

गयासुद्दीनचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत ही माणसं पहिल्यांदा मानानं त्याच्या दारात आली होती. तो होकार देणार एवढ्यात तहरीमनं विचारलं, स्पर्धा कशाची.

क्रिकेटची, वामनराव म्हणाले. रात्रीचे सामने, लाइटा लावून. वाशीम, मूर्तिजापूर, सगळीकडून संघ येतील. त्यासाठी मधोमध रोलर फिरवून पक्की खेळपट्टी करायची आहे.

मुलींचं अंगण तिथंच आहे, तहरीम म्हणाली.

मुली शाळेत खेळतील, असं उत्तर आलं. आणि उद्घाटनाला मुलींचं काम मोठं आहे. एकसारखे कपडे घालून रांगेत उभं राहायचं, पाहुण्यांना फुलं द्यायची.

चहाच्या कपबशा तहरीमनं एकेक करून उचलल्या, ताटलीत ठेवल्या. मग म्हणाली, "काका, ज्या जागेसाठी अम्मी तुमच्याशी भांडली, ती जागा तिच्याच नावानं काढून घेऊन राहिले तुमी. तिचं नाव पाहिजे असन तं तिचा खेळ ठेवा लागन. नाई तं नाव नाई भेटणार."

नईम तिला दटावायला लागला. वामनरावांनी त्याला हातानं थांबवलं. ते रागावले नव्हते, निदान तसं दिसू दिलं नाही. "बेटा, तू अमरावतीले राहते. चार दिवसानं चालली जाशीन."

"मी जाईन. पोरी इथंच हायेत."

ती मंडळी गेल्यावर गयासुद्दीन मुलीवर चिडला. त्यानं आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. लोक तिचा मान करायला आले होते, तू त्यांना हाकललंस, असं तो म्हणाला. तहरीमही गप्प बसली नाही; तो मान नाही, मोबदला आहे, आणि तोही खोटा, असं तिनं सुनावलं. सकाळी तहरीम अमरावतीच्या गाडीसाठी निघाली तर अब्बा घरात नव्हते. स्टँडकडे जाताना जिनिंगच्या रस्त्यावर ते दिसले. हातगाडीवर नव्या भरलेल्या गाद्या होत्या, आणि ते त्या मैदानाच्या मधोमध एकेक करून उतरवत होते. तहरीमनं हाक मारली नाही. ती स्टँडवर गेली.

स्पर्धा रद्द झाली नाही. उद्घाटनाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी ज्योत्स्नाचा फोन आला: मैदानात मोठं फ्लेक्स लागलं आहे, दोन लिंबाच्या झाडांमध्ये, वर पुढाऱ्यांची तोंडं आणि खाली कोपऱ्यात खालाचा एवढुसा फोटो, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेला. उद्या दुपारी रोलर येणार आहे. तहरीमनं विचारलं, मुली काय म्हणतात. ज्योत्स्ना म्हणाली की मुली चुना भिजवून बसल्या आहेत.

तहरीम सकाळच्या गाडीनं आली. मैदानावर पोचली तेव्हा अंगण आखून झालं होतं, रेषा पांढऱ्याशुभ्र, आणि मुली चढाईचा सराव करत होत्या. त्यांच्यात आचल नावाची आठवीतली एक चुणचुणीत मुलगी होती. तिचे वडील वामनरावांच्या शेतावर सालदार, वर्षाच्या बोलीवरचे गडी, होते, आणि घरून तिला आज येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती आली होती.

दुपारी रोलर आला. चालवणाऱ्यानं हॉर्न वाजवला. ज्योत्स्नानं त्याला सांगितलं की सामना चालू आहे, संपला की बघू. त्यानं विचारलं, कधी संपेल. ज्योत्स्ना म्हणाली की अजून संघ पाडायचे आहेत. तो बिचारा गावाबाहेरचा; त्यानं रोलर बंद केला आणि सावलीत जाऊन बसला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी शाइस्ता आली. तिचं सासर अकोल्याला, पण ती माहेरी आलेली; लेकराला कडेवर घेऊन आली होती. मग जुन्या मुली एकेकट्या येत गेल्या. कुणी भाजी चिरता चिरता, कुणी दुकान अर्धं उघडं टाकून. त्या अंगणाच्या भोवती उभ्या राहिल्या, आणि बघता बघता बायकांचं कडं झालं. क्रिकेट बघायला आलेली माणसंही त्या कड्यामागं जमली. काहीतरी चाललं आहे म्हटल्यावर ती बघणारच.

ज्योत्स्नानं ठरवून टाकलं की सामना जुन्या विरुद्ध नव्या असा होईल. साड्यांचे पदर खोचले गेले. पहिलीच चढाई आचलची. ती वाऱ्यासारखी आत शिरली, एका बाईच्या खांद्याला शिवली आणि परत फिरताना शाइस्तानं कोपऱ्यातून बसून तिचा घोटा धरला. दोघी चुन्यात लोळल्या. लोक ओरडले. शाइस्ताचं लेकरू तहरीमच्या कडेवर होतं. तेही घाबरून ओरडलं.

तेवढ्यात वामनराव आले. पाहुण्यांची गाडी रस्त्यावर उभी होती, काचा वर. वामनरावांनी कड्याबाहेरून तहरीमला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की तमाशा पुरे झाला, पाहुण्यांसमोर गावाची शोभा होते आहे. पाच मिनिटांत मैदान मोकळं करा. नाहीतर माणसं बोलवावी लागतील.

कड्यात जराशी चुळबुळ झाली. दोन बायका मागं सरल्याही. तेव्हा वामनरावांच्या मागून कुणीतरी पुढं आलं, आणि ती मैना होती. घरातल्या साडीतच, पायात चपला नाहीत. सासऱ्यांच्या बाजूनं ती चालत गेली आणि त्या दोन बायकांच्या रिकाम्या जागी उभी राहिली. सगळे बघत होते. मैना खाली बघत होती, पण आवाज स्पष्ट होता.

"मामाजी, स्वयंपाक करून ठेवला हाये. पाव्हण्याइले घेऊन घरी जा. मी खेळून येतो."

वामनरावांचा चेहरा पडला. माणसं बोलवायची तर पहिलं आपल्याच सुनेला हात लावावा लागेल, हे त्यांना कळलं असावं. ते रस्त्याकडे वळले.

वळले तर समोर गयासुद्दीन. त्याच्या हातात दुकानातली मोठी कात्री होती, जाड कापड कापायची. तो फ्लेक्सपाशी गेला, खाली बसला आणि कोपऱ्यातला बायकोचा फोटो चारी बाजूंनी सावकाश कापून काढला. कात्री बोथट नव्हती, तरी एक कड वाकडी गेली. फोटोची घडी त्यानं केली नाही. तो गुंडाळला आणि कुर्त्याच्या खिशात ठेवला.

"माफ करजा वामनराव," तो म्हणाला. "एवढं माह्या घरचं हाये. बाकी तुमी ठेवा."

स्पर्धा झाली, पण तिकडं, हायवेजवळच्या कॉलेजच्या मैदानावर, आणि चषकावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. रोलर आला तसा संध्याकाळी परत गेला.

याला विजय म्हणायचं तर म्हणा. आठवड्याभरात आचलचं येणं बंद झालं. तिच्या वडिलांना काम टिकवायचं होतं. ते ज्योत्स्नाला तसं सरळ म्हणाले आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आणखी दोन मुलींच्या घरून निरोप आले. जागा मुलींसाठी राखावी म्हणून अर्ज दिला, तो नगरपंचायतीत नुसता पडून राहिला. मैनाच्या घरी काय घडलं ते ती सांगत नाही. पण ती दर रविवारी संध्याकाळी येते, आणि तिला सोडायला कधीकधी तिचा नवराही येतो, रस्त्यावरच थांबतो.

तहरीमनं दवाखान्यात सांगून शनिवार-रविवार मोकळे करून घेतले. शनिवारी दुपारची एसटी धरायची, संध्याकाळी मैदान. पहिले काही शनिवार ती मैदानावर न जाता आचलच्या घरी जायची. भांडायला नाही. ओट्यावर बसायची, आचलच्या आईशी कापसाच्या वेचणीचं, दवाखान्याचं बोलायची, उठून यायची. असं करताना तिला उगाचच वाटायचं की आपला आवाज अम्मीसारखा व्हायला लागला आहे. एका शनिवारी आईनंच आचलला बाहेर ढकललं. बाप वावरात गेला आहे, तो येईपर्यंत ये, म्हणाली. पुढं बापालाही कळलं. त्यानं कळलं नाही असं दाखवलं. वामनरावांनीही त्याला कामावरून काढलं नाही. का ते त्यांनाच माहीत.

या हिवाळ्यात अकोल्याला जिल्ह्याचे सामने झाले. बार्शीटाकळीच्या मुली उपांत्य फेरीत हरल्या, एका गुणानं. शेवटची चढाई आचलची होती आणि तिचा दम मध्यरेषेच्या हातभर अलीकडे तुटला. ती तशीच पालथी पडून राहिली. तहरीम कडेला उभी होती. तिचा पाय उचलला गेला, तो तिनं परत खाली ठेवला. आचल स्वतःच उठली, गुडघ्याची माती झाडली आणि पंचांशी हुज्जत घालायला गेली, की दम तुटला नव्हता, तुम्हाला ऐकू आलं नसेल.

सामन्यानंतर एक तरुण बातमीदार तहरीमपाशी आला. मोबाइल पुढं धरून त्यानं विचारलं की आईचं अपुरं राहिलेलं स्वप्न तुम्ही पूर्ण करताय, तर आज हरल्यावर कसं वाटतं.

तहरीमला आधी प्रश्नच समजला नाही. "अपुरं कोण म्हणलं तुमाले?" तिनं विचारलं. "माही अम्मी खेळली. पोट भरून खेळली. आता ह्या पोरी खेळून राहिल्या, त्या सोतासाठी खेळून राहिल्या. तुमी असं करा, तिले जाऊन विचारा," आणि तिनं पंचांशी भांडणाऱ्या आचलकडे बोट दाखवलं, "पण लवकर विचारा, आमची शेवटची गाडी निघन."